मेजर लीग बेसबॉलचा २०२४-२५ मधील हिवाळी विराम व नियमबदल

मेजर लीग बेसबॉल या अमेरिका व कॅनडातील व्यावसायिक स्पर्धेचा २०२४-२५ मधील हिवाळी विराम म्हणजे २०२४ ची विश्वमालिका संपल्यापासून २०२५ चा हंगाम सुरू होईपर्यंतचा काळ होय. लॉस एंजेलस डॉजर्सने ३० ऑक्टोबर २०२४ रोजी न्यूयॉर्क यँकीजचा ४-१ असा पराभव करून विश्वमालिका जिंकली. नवा हंगाम १८ मार्च २०२५ रोजी टोकियो येथे डॉजर्स आणि शिकागो कब्ज यांच्या सामन्याने सुरू झाला. मधल्या साडेचार महिन्यांत एकही अधिकृत सामना झाला नाही. तरीही व्यावसायिक क्रीडाजगतातील तोवरचा सर्वांत मोठा करार, स्ट्राइक-बॉलच्या निर्णयात यंत्राची मदत घेण्याची चाचणी, पिचरांच्या दुखापतींवरील अहवाल आणि फलंदाजीच्या क्रमालाच हात घालणारी एक कल्पना या सर्व गोष्टी याच काळात चर्चेत आल्या. खेळाडूंचा पैसा बाजारात ठरतो आणि खेळाचे नियम एका समितीत ठरतात. या दोन व्यवस्थांमधील ताण या विरामात विशेष ठळकपणे दिसला.

हिवाळी विरामाचे स्वरूप

बेसबॉलच्या हंगामात प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो. हंगाम संपला की ज्या खेळाडूंची मेजर लीगमधील सेवा सहा वर्षे पूर्ण झाली असून करार संपला आहे, ते मुक्त होतात व कोणत्याही संघाशी वाटाघाटी करू शकतात. येथे भारतीय वाचकास परिचित असलेला लिलाव नसतो. खेळाडूचा प्रतिनिधी एकेका संघाशी बोलतो, देकार मागवतो आणि अनेकदा आठवडेच्या आठवडे मौन पाळतो. या काळातील चर्चेला इंग्रजीत ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात. थंडीत शेगडीभोवती बसून रंगणाऱ्या गप्पांवरून हे नाव पडले. डिसेंबरमधील हिवाळी बैठका हा या गप्पांचा कळस असतो. २०२४ मध्ये त्या डॅलस येथे झाल्या.

हे स्वातंत्र्य खेळाडूंना सहजासहजी मिळालेले नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरील संघाचा हक्क संपत नसे. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या पिचरांच्या बाजूने निर्णय दिला आणि ही पद्धत मोडली. आजचे सर्व मोठे आकडे त्या निर्णयाची अपत्ये आहेत.

मोठे करार आणि लांबणीवर टाकलेला पैसा

डिसेंबर २०२४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा २६ वर्षीय फलंदाज ह्वान सोतो याने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. आदल्या हंगामात तो त्याच शहरातील यँकीजकडून विश्वमालिका खेळला होता. या करारातील एक कलम महत्त्वाचे आहे: यातील कोणतीही रक्कम लांबणीवर टाकलेली नाही. बरोबर एक वर्ष आधी शोहेई ओतानी याने डॉजर्सशी केलेला १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार याच्या नेमका उलट होता. ओतानीला दर वर्षी केवळ २० लाख डॉलर मिळतात. उरलेले ६८ कोटी डॉलर २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी, दिले जाणार आहेत.

ही रचना समजून घेतल्याशिवाय या विरामातील वादाचा उलगडा होत नाही. बेसबॉलमध्ये वेतनावर कमाल मर्यादा नाही. उत्तर अमेरिकेतील चार प्रमुख व्यावसायिक लीगपैकी अशी मर्यादा नसलेली ही एकमेव लीग आहे. तिच्याऐवजी एक कर आहे: संघाचे एकूण वेतन ठरावीक रकमेच्या (२०२५ साठी २४.१ कोटी डॉलर) वर गेले की वरच्या भागावर चढत्या दराने कर भरावा लागतो. हा कर मोजताना लांबणीवर टाकलेल्या पैशाचे आजचे मूल्य धरले जाते. त्यामुळे ओतानीचा करार कागदावर वर्षाला ७ कोटींचा असला तरी करासाठी तो सुमारे ४.६ कोटींचा ठरतो. डॉजर्सने हीच पद्धत ब्लेक स्नेल (पाच वर्षे, १८.२ कोटी डॉलर) आणि इतर अनेक खेळाडूंबाबत वापरली. परिणामी त्यांच्यावरील भविष्यातील देणे १०० कोटी डॉलरच्या पुढे गेले.

टीकाकार याला पळवाट म्हणतात. हा शब्द पूर्णपणे न्याय्य नाही. लांबणीवर वेतन देण्याची मुभा खेळाडू व मालक यांच्या करारात कोणतीही कमाल मर्यादा न घालता लिहिलेली आहे, ती तीसही संघांना उपलब्ध आहे आणि ठरलेल्या रकमेचे आजचे मूल्य संघाला वेगळे काढून ठेवावे लागते. पद्धतही जुनी आहे. २००१ मध्ये निवृत्त झालेल्या बॉबी बोनियाला मेट्स २०११ पासून दर १ जुलैला सुमारे ११.९ लाख डॉलर देत आले आहेत आणि २०३५ पर्यंत देणार आहेत. चाहते तो दिवस थट्टेने सणासारखा साजरा करतात. प्रश्न पद्धतीच्या वैधतेपेक्षा तिचा लाभ कोणाला घेता येतो हा आहे. ओतानीसारखा खेळाडू जाहिरातींतून एवढे कमावतो की त्याला वेतनाची घाई नसते, आणि अशा खेळाडूला आकर्षित करण्याइतके उत्पन्न, विजय व हवामान एकत्र असलेली शहरे फार थोडी आहेत.

जपानी पिचर रोकी सासाकी याच्या निवडीने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. पंचवीस वर्षांखालील परदेशी खेळाडूंना नियमानुसार ठरावीक निधीतूनच बोनस देता येतो. म्हणून २३ वर्षांच्या सासाकीने जानेवारी २०२५ मध्ये डॉजर्सकडून अवघे ६५ लाख डॉलर स्वीकारले. त्याच डॉजर्सने एक वर्ष आधी २५ वर्षांच्या योशिनोबु यामामोतोला १२ वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर दिले होते. सासाकीच्या बाबतीत सर्व संघांचे देकार जवळपास सारखे असणार होते. म्हणजे पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो डॉजर्सकडेच गेला. श्रीमंत संघ केवळ पैशामुळे जिंकतो, या समजुतीला हे उदाहरण बसत नाही. तेथील प्रशिक्षण, सोबतचे जपानी खेळाडू आणि जिंकण्याची शक्यता यांनाही किंमत असते, आणि ती कोणत्याही कराच्या हिशेबात धरली जात नाही.

२०२४ च्या हंगामासाठी नऊ संघांनी मिळून सुमारे ३१.१ कोटी डॉलर कर भरला. त्यात डॉजर्सचा वाटा १०.३ कोटींचा होता. दुसऱ्या टोकाला ओकलंड सोडून तात्पुरते सॅक्रामेंटो येथे गेलेला ॲथलेटिक्स हा संघ होता. त्याने पिचर लुइस सेवेरिनोला तीन वर्षांसाठी ६.७ कोटी डॉलर दिले. हा त्या संघाच्या इतिहासातील तोवरचा सर्वांत मोठा करार होता. सामायिक उत्पन्नातून मिळणारा वाटा खेळाडूंवर खर्च होत नाही, अशी तक्रार खेळाडू संघटना करू शकते. ती टाळण्यासाठी हा खर्च झाला, अशी वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली. करामुळे श्रीमंत संघांच्या खर्चाला लगाम बसतो की नाही यावर बरीच चर्चा होते. न खर्चणाऱ्या संघांवर तेवढी होत नाही.

नियम कोण ठरवते

डिसेंबर २०२१ मध्ये मालकांनी टाळेबंदी जाहीर केली. ती ९९ दिवस चालली आणि १० मार्च २०२२ रोजी नवा सामूहिक करार झाल्यावर उठली. वेतनाच्या आकड्यांच्या गदारोळात या करारातील एका तरतुदीकडे फारसे लक्ष गेले नाही. त्यापूर्वी मालकांना खेळाचा नियम स्वतःच्या अधिकारात बदलायचा असेल तर खेळाडू संघटनेला एक वर्षाची पूर्वसूचना द्यावी लागे. नव्या करारात अकरा सदस्यांची संयुक्त स्पर्धा समिती स्थापन झाली. तीत मालकांच्या बाजूचे सहा, चार खेळाडू आणि एक पंच असतो. समितीने मंजूर केलेला नियम ४५ दिवसांच्या सूचनेने लागू करता येतो.

सहा विरुद्ध पाच हे गणित पाहता निकाल मतदानाआधीच ठरलेला असतो. ९ सप्टेंबर २०२२ रोजी समितीने चेंडू फेकण्यासाठी वेळमर्यादा, क्षेत्ररचनेवरील निर्बंध आणि १५ ऐवजी १८ इंचांचे बेस असे तीन बदल मंजूर केले. चारही खेळाडूंनी पहिल्या दोन बदलांविरुद्ध मत दिले. बेसच्या आकाराला त्यांची हरकत नव्हती. तिन्ही नियम २०२३ पासून लागू झाले. डिसेंबर २०२३ मध्ये बेसवर धावपटू असतानाची मर्यादा २० वरून १८ सेकंदांवर आणली गेली, तेव्हाही खेळाडूंचा विरोध नोंदवून बदल पुढे गेला.

वेळमर्यादेचा अनुभव

बेस रिकामे असताना १५ आणि धावपटू असताना १८ सेकंदांत पिचरने चेंडू फेकण्यास सुरुवात केली पाहिजे. उशीर झाल्यास फलंदाजाला एक बॉल मिळतो. फलंदाज आठ सेकंद उरेपर्यंत सज्ज नसेल तर त्याच्यावर स्ट्राइक लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अटलांटा व बॉस्टन यांच्यातील सराव सामना ६-६ अशा बरोबरीत, तिन्ही बेस भरलेले असताना, याच कारणाने दिलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर संपला. तेव्हा अनेकांना हा नियम खेळाचा विचका करणार असे वाटले.

तसे झाले नाही. नऊ डावांच्या सामन्याचा सरासरी वेळ २०२१ मध्ये तीन तास दहा मिनिटे होता. २०२४ मध्ये तो दोन तास ३६ मिनिटांवर आला. बेसचोरीची संख्या २०२२ मधील २,४८६ वरून २०२३ मध्ये ३,५०३ वर आणि २०२४ मध्ये ३,६१७ वर गेली. याला मोठे बेस जेवढे कारण आहेत, तेवढेच पिचरने एका फलंदाजाच्या पाळीत केवळ दोनदाच पाय मागे घेऊ शकण्याचे बंधनही कारण आहे. प्रेक्षकसंख्या २०२३ व २०२४ या दोन्ही हंगामांत सात कोटींच्या वर राहिली. क्षेत्ररचनेवरील निर्बंधाचे यश मात्र संशयास्पद आहे. लीगची फलंदाजीची सरासरी २०२२ मध्ये ०.२४३ होती, २०२३ मध्ये ०.२४८ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ०.२४३ वर आली. पिचरांचा वेग ही फलंदाजांची खरी अडचण आहे; क्षेत्ररक्षक कोठे उभे आहेत याने त्यात फारसा फरक पडत नाही.

वेगाचा प्रश्न डिसेंबर २०२४ मध्ये अधिकृतपणे मांडला गेला. लीगने पिचरांच्या दुखापतींवर ६२ पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ मैल झाला. जास्तीत जास्त वेग, चेंडूला जास्तीत जास्त वळण आणि प्रत्येक चेंडूवर सर्व ताकद लावण्याची वृत्ती ही दुखापतींची प्रमुख कारणे असल्याचे त्यात म्हटले आहे. एप्रिल २०२४ मध्ये खेळाडू संघटनेने दुखापतींचा संबंध कमी केलेल्या वेळमर्यादेशी जोडला होता आणि लीगने तो नाकारला होता. अहवाल लीगनेच तयार करवला असल्यामुळे वाद मिटला नाही. तरी वेगाची ही चढण वेळमर्यादेच्या कितीतरी आधीची आहे, हे आकड्यांवरून दिसते. पिचरने दीर्घकाळ टिकून खेळावे यासाठी काही नियम करावेत, असा विचारही पुढे आला. त्यातून ठोस प्रस्ताव मात्र निघाला नाही.

‘सोनेरी पाळी’ची कल्पना

ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी एका मुलाखतीत मालकांच्या बैठकीत निघालेल्या एका कल्पनेचा उल्लेख केला आणि डिसेंबरच्या आरंभी तिच्यावर वादळ उठले. कल्पना अशी: सामन्यात एकदा संघाला हव्या त्या क्षणी आपला हवा तो फलंदाज, त्याची पाळी नसतानाही, पाठवता यावा.

बेसबॉलमध्ये नऊ फलंदाजांचा क्रम सामन्याआधी ठरतो आणि त्याच क्रमाने फिरत राहतो. क्रिकेटमध्ये कर्णधार फलंदाजीचा क्रम बदलू शकतो, म्हणून आपल्याला हा प्रस्ताव तितका धक्कादायक वाटणार नाही. बेसबॉलमध्ये मात्र हा क्रम खेळाचा कणा आहे. सर्वोत्तम फलंदाजालाही आठ जणांची वाट पाहावी लागते, आणि निर्णायक क्षणी नवव्या क्रमांकाचा साधा खेळाडू समोर येऊ शकतो. जागतिक बेसबॉल क्लासिकच्या मार्च २०२३ मधील अंतिम सामन्यात नवव्या डावात, दोन बाद असताना, ओतानीसमोर त्याचाच क्लबमधील सहकारी माइक ट्राउट फलंदाजीस आला. ओतानीने त्याला बाद केले आणि जपान ३-२ ने जिंकला. ती गाठ कोणी ठरवून घातली नव्हती. तिच्याआधीच्या दोन पाळ्यांत एक फलंदाज चार बॉलवर पहिल्या बेसवर गेला आणि पुढच्याच्या फटक्यावर दोघे बाद झाले, म्हणून ती घडली. असा क्षण मागणीनुसार तयार करता येऊ लागला तर त्याची किंमत उरत नाही, हा विरोधकांचा युक्तिवाद सबळ आहे. मॅनफ्रेड यांनी पुढे ही केवळ प्राथमिक चर्चा असल्याचे सांगितले आणि प्रस्ताव मतदानापर्यंत गेला नाही. वेळमर्यादेच्या यशानंतर लीगचा आत्मविश्वास किती वाढला होता, याची खूण म्हणून तरी हा प्रसंग नोंदण्याजोगा आहे.

यंत्राकडे दाद

याच विरामात गंभीरपणे पुढे सरकलेला बदल म्हणजे स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाविरुद्ध यंत्राकडे दाद मागण्याची पद्धत. कनिष्ठ लीगमध्ये तिची चाचणी अनेक वर्षे चालू होती. ट्रिपल-ए या मेजर लीगच्या लगतच्या खालच्या पातळीवर आठवड्यातील काही दिवस प्रत्येक चेंडूचा निर्णय यंत्राने द्यावा आणि उरलेल्या दिवशी केवळ मागितल्यास द्यावा, असे दोन्ही प्रकार तपासले गेले. दुसरा प्रकार अधिक पसंत पडला आणि जून २०२४ पासून तेथे तोच ठेवला गेला. दक्षिण कोरियाच्या लीगने मात्र २०२४ पासून सर्व निर्णय यंत्राकडे सोपवले आहेत.

क्रिकेटमधील डीआरएसशी ही पद्धत मिळतीजुळती असली तरी तीत महत्त्वाचे फरक आहेत. दाद केवळ फलंदाज, पिचर किंवा कॅचर मागू शकतो. तीही तत्काळ, डोक्यावर हात टेकवून आणि बाकावरून कोणतीही मदत न घेता. प्रत्येक संघाला दोन संधी असतात; दाद यशस्वी ठरली तर संधी कायम राहते. डीआरएसमधील ‘अंपायर्स कॉल’सारखा मधला मार्ग येथे नाही: चेंडू चौकटीला स्पर्शून गेला की स्ट्राइक.

ही चौकट हाच खरा बदल आहे. नियमपुस्तकात स्ट्राइकचा पट्टा गुडघ्याखालच्या भागापासून छातीच्या मध्यापर्यंत सांगितला आहे आणि पंच तो फलंदाजाच्या उभे राहण्यानुसार अंदाजाने धरतात. यंत्राला अंदाज चालत नाही. म्हणून पट्टा फलंदाजाच्या उंचीच्या २७ टक्क्यांपासून ५३.५ टक्क्यांपर्यंत निश्चित केला गेला आणि खेळाडूंची उंची अनवाणी मोजण्याची व्यवस्था करावी लागली. रुंदी होमप्लेटएवढीच, म्हणजे १७ इंच. प्रत्यक्षात पंच देत आलेला पट्टा कोपऱ्यांत गोलसर असे. यंत्राचा पट्टा काटेकोर आयत आहे, त्यामुळे पंच चुकला नाही तरी त्याचा निर्णय बदलू शकतो. कडेचा चेंडू हलकेच आत ओढून स्ट्राइक मिळवण्याच्या कॅचरच्या कौशल्यावरही परिणाम होईल. तथापि दादेच्या संधी मोजक्याच असल्याने ते कौशल्य संपणार नाही. सर्व निर्णय यंत्राकडे दिले असते तर ते एका दिवसात निरुपयोगी झाले असते.

फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या सराव सामन्यांत तेरा मैदानांवर ही पद्धत वापरली गेली. सामन्यामागे सरासरी चार दादी मागितल्या गेल्या, प्रत्येकीला सुमारे १४ सेकंद लागले आणि ५२.२ टक्के दादी यशस्वी ठरल्या. कॅचरांचे यश ५६ टक्के, फलंदाजांचे ५० टक्के आणि पिचरांचे ४१ टक्के होते. चेंडू ज्याने फेकला त्यालाच त्याची जागा सर्वांत कमी अचूक दिसते, असे हे आकडे सांगतात. जुलै २०२५ मधील ऑल-स्टार सामन्यात पाचपैकी चार दादी मान्य झाल्या. २३ सप्टेंबर २०२५ रोजी समितीने २०२६ च्या हंगामापासून ही पद्धत मेजर लीगमध्ये लागू करण्यास मंजुरी दिली.

वेतनमर्यादेचा प्रश्न

समितीचे अधिकार मैदानावरील खेळापुरते आहेत. वेतनाची कमाल मर्यादा, लांबणीवरचा पैसा आणि संघांमधील उत्पन्नाची वाटणी हे विषय सामूहिक कराराचे आहेत, आणि तेथे सहा विरुद्ध पाच हे गणित चालत नाही. २०२२ चा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. जानेवारी २०२५ मध्ये मॅनफ्रेड यांनी हंगामाबाहेरची टाळेबंदी हे वाटाघाटीचे कमी हानिकारक साधन असल्याचे मत मांडले. त्या वर्षी त्यांनी संघांच्या खेळाडूंना भेटून आर्थिक रचनेवर बोलण्यास सुरुवात केली. जुलैत फिलाडेल्फियाच्या ब्राइस हार्परशी याच विषयावरून त्यांची खडाजंगी झाल्याचे वृत्त आले. संघटनेचे तत्कालीन प्रमुख टोनी क्लार्क यांनी वेतनमर्यादेला ठाम विरोध जाहीर केला.

मालकांचा युक्तिवाद असा की लहान शहरांच्या चाहत्यांना हंगामाच्या आरंभीच आशा उरत नाही. डॉजर्सने २०२५ ची विश्वमालिकाही जिंकल्यामुळे या म्हणण्याला धार आली. यँकीजच्या १९९८ ते २००० मधील सलग तीन विजयांनंतर विजेतेपद राखणारा तो पहिला संघ ठरला. पण हीच नोंद उलटही वाचता येते. मर्यादा नसताना मधल्या दोन तपांत एकाही संघाला लागोपाठ दोनदा जिंकता आले नाही. शिवाय टोरोंटोविरुद्धची २०२५ ची मालिका सातव्या सामन्याच्या अकराव्या डावापर्यंत गेली होती.

मालकांनी वेतनमर्यादेचा आग्रह याआधी धरला तेव्हा १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडू संपावर गेले. तो संप २३२ दिवस चालला आणि १९०४ नंतर प्रथमच विश्वमालिका रद्द झाली. मार्च १९९५ च्या अखेरीस न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला, मर्यादेविना. त्यानंतर आलेली वेतनकराची व्यवस्था त्याच तडजोडीतून निघाली. आज मेजर लीगमध्ये खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो संप पाहिलेला नाही. त्यांच्यातील मोठा वर्ग सोतोसारखे करार कधीच करणार नाही; २०२५ मधील किमान वेतन ७.६ लाख डॉलर होते आणि त्याच्या आसपास कमावणारे खेळाडू संख्येने अधिक आहेत. मालकांचा प्रस्ताव याच वर्गाला उद्देशून असेल, असे अनेक निरीक्षकांना वाटते.